भार घेणारी व्यक्ती

इरानं मला माफ केलं, हे मी टीव्हीवर ऐकलं.

क्लबच्या मागं कॅडी लोकांची, म्हणजे खेळाडूंच्या बॅगा वाहणाऱ्यांची, पत्र्याची शेड आहे. दुपारच्या चहाला आम्ही आठ-दहा जण बसलो होतो आणि भिंतीवर तिची मुलाखत चालली होती. इरावती सरपोतदार, वय बत्तीस, तीन महिन्यांत गोल्फच्या तीन स्पर्धा जिंकलेली. मुलाखत घेणाऱ्या बाईनं विचारलं, इतकी वर्षं शेवटच्या छोट्या फटक्याला तुमचा हात अडखळायचा, तो सुटला कसा? इरा हसली. म्हणाली, "मनात एक जुनी गोष्ट अडकली होती. मी चौदा वर्षांची असताना राज्याच्या ज्युनिअर फायनलमध्ये माझ्या आगेवाल्यानं पायाच्या बोटांनी माझा चेंडू सरकवला. मी पाहिलं, पण बोलले नाही. पुढं तेच माझे कॅडी झाले. आता मी त्यांना माफ केलंय. राग नाही."

शेडमध्ये कुणी माझ्याकडं बघेना. एकानं उठून आवाज बारीक केला. मी चहा अर्धा टाकला आणि बाहेर आलो.

तो आगेवाला म्हणजे मी, हणमंत लोंढे. आणि चेंडू मी सरकवला नव्हता. इरानं सरकवला होता. मी बघितलं होतं.

आगेवाला म्हणजे काय ते आता सांगावं लागतं. हल्ली चेंडूतच चिप असते, कुठं पडला ते मनगटावर दिसतं. तेव्हा माणूस लागायचा. खेळाडूच्या दीड-दोनशे पावलं पुढं उभं राहायचं, चेंडू कुठं पडतो ते बघायचं आणि सापडला की लाल फडकं वर करायचं. खेळाडू पोचेपर्यंत चेंडूपाशी आपण एकटेच. त्यामुळं या कामात सगळा सवाल पायाचा. अनवाणी आगेवाला अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यात चेंडू धरून चालता चालता चार हात पुढं, चांगल्या गवतावर ठेवतो, आणि वर आभाळाकडं बघत शीळ घालतो. असे कलाकार मी पाहिलेत. त्यांच्या कृपेनं आमच्या क्लबात रिवाज पडला होता. फायनलला आगेवाल्यानं बूट घालायचे, आणि त्यांच्या नाड्या समोरच्या खेळाडूच्या कॅडीनं बांधायच्या, दुहेरी गाठ मारून. खेळ संपला की त्यानंच सोडायच्या. सोडताना तो गाठ निरखून बघायचा आणि सगळ्यांसमोर म्हणायचा, "पाय स्वच्छ." आमच्यात याहून मोठं सर्टिफिकेट नव्हतं. मी शाळा आठवीत सोडली, पण हे सर्टिफिकेट माझ्याकडं बावीस वर्षांचं होतं.

त्या दिवशी संध्याकाळी कोल्हापूरहून इस्माईल बागवानाचा फोन आला. त्या फायनलला समोरच्या मुलीची बॅग त्याच्याकडं होती.

"हणम्या, तुझ्या नाड्या मी बांधल्या होत्या," तो म्हणाला. "मीच सोडल्या. गाठ जशीच्या तशी होती. ही काय बरळतीय?"

"काय माहीत."

"काय माहीत काय? पेपरात दे. मी साक्ष देतो."

नंतर बघू म्हणून मी फोन ठेवला. त्याला काय सांगणार? चेंडू मी हलवला नाही म्हटलं की पुढचा प्रश्न येणार, मग कुणी हलवला. आणि त्याच्या पुढचा, तू तेव्हा का बोलला नाहीस. तो जिची बॅग वाहत होता ती कोल्हापूरची मुलगी त्या दिवशी एका फटक्यानं हरली होती. नंतर तिनं खेळच सोडला.

झालं होतं ते असं. सतरावा होल, म्हणजे शेवटून दुसरा. इराचा चेंडू बाभळीच्या मुळाला चिकटून पडला होता, तिथून फटका मारणंच शक्य नव्हतं. मी फडकं वर केलं आणि वीसेक पावलं पुढं सरकून उभा राहिलो. ती आली, वाकून बघितलं, आणि बुटाच्या टोकानं चेंडू वीतभर बाजूला घेतला. मग मान वर केली. मी तिच्याकडंच बघत होतो. चौदा वर्षांची पोर, घामानं केस कपाळाला चिकटलेले. तिचे वडील दातांचे डॉक्टर, क्लबचे मेंबर, पलीकडं छत्री घेऊन उभे. मी नदीकडं मान फिरवली. एवढं मी केलं.

त्यानंतर आम्ही दोघं त्यावर एक शब्द बोललो नाही. तिनं वडिलांना सांगितलं, मला कॅडी म्हणून हणमाकाकाच हवेत. मला वाटलं पोरीचा जीव आहे माझ्यावर. अठरा वर्षं तिची बॅग वाहिली. तिच्या लग्नात मी घरच्यांच्या पंगतीला होतो, तिचं लग्न मोडलं तेव्हा माझी बायको मंदा आठ दिवस तिच्याकडं जाऊन राहिली होती. मला मूलबाळ नाही. हे उगाच सांगत नाही, पुढं कामाला येईल.

इराचा खेळ म्हणजे लांबचे फटके बघत राहावे असे. पण अडीच हातांवरून चेंडू होलमध्ये ढकलायचा, ते जमायचं नाही. उजवं मनगट ऐन वेळी आकडायचं. जिंकायला एक फटका उरला की हमखास. कोच बदलले, दांडा बदलला, डावखुरी खेळून बघितली. मंदानं तर तिची मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. शेवटी गेल्या वर्षी ती बाणेरला डॉक्टर रेवती चांदोरकरांकडं गेली, आणि मी तिच्याबरोबर गेलो.

त्यांच्या यंत्राचं नाव डोह. डोक्यावर विणलेली टोपी असते तशी टोपी, तिच्यात बारीक चुंबकीय संवेदक. मेंदूत वीज खेळते तिचं चुंबकीय क्षेत्र ते पकडतात, भिंतीआडच्या मोठ्या यंत्रात झोपावं लागत नाही, टोपी घालून मैदानावर खेळता येतं. मनगटावर दुसरी पट्टी. बाईंनी मला पडद्यावर दाखवलं. हात आकडण्याच्या तिसरा हिस्सा सेकंद आधी मेंदूत आठवणी जागवणारा भाग पेटतो, तिथून भीतीच्या भागाला वर्दी जाते, तिथून मनगटाला. "तिला यातलं काही कळत नाही," बाई म्हणाल्या. "तिला वाटतं हात आपोआप धरला जातो. माणूस विसरलो म्हणतो ती गोष्ट विसरलेली नसते, खाली गेलेली असते. खाली गेली की ती शब्दांत येत नाही, अंगात येते. कुणाची जीभ अडखळते, कुणाचं पोट बिघडतं."

मग त्यांनी आकडे दाखवले. हात जेव्हा जेव्हा आकडला, त्यातल्या दर दहा वेळांपैकी नऊ वेळा होलचा झेंडा धरून मी समोर उभा होतो. मी आणि माझी नजर.

मी इराकडं बघितलं तर ती खिडकीबाहेर बघत होती. आम्हाला दोघांनाही कळलं होतं की खाली काय पडलंय. तेव्हासुद्धा आम्ही बोललो नाही. तेव्हा बोललो असतो तर हे सगळं टळलं असतं, असं मंदा म्हणते. म्हणू दे.

महिन्याभरानं उपचार ठरला. त्या सकाळी दवाखान्यात इरानं एक फॉर्म माझ्यापुढं ठेवला. "काका, साक्षीदार म्हणून सही हवीय. इथं, आणि इथं." फॉर्म मराठीत होता. माझा चष्मा बॅगेच्या खालच्या कप्प्यात. मी तिचं स्कोअरकार्ड तीन-तीनदा वाचल्याशिवाय तिला सही करू देत नाही, कारण एक आकडा चुकला की खेळाडू स्पर्धेतून बाद. तोच मी, ती म्हणाली तिथं सही करून मोकळा झालो. तिच्या हातचा कागद काय वाचायचा?

चार दिवसांनी ती बाहेर आली. चेहरा हलका, झोप झालेल्या माणसासारखा. माझ्याकडं बघितलं मात्र, आणि एक पाऊल मागं सरली. आठवड्यात तिच्या मॅनेजरचा निरोप आला की बॅग आता दुसरा कॅडी घेईल. कारण काय ते सांगितलं नाही. मला वाटलं, माझी नजर तिला बाधते, म्हणून डॉक्टरांनी सांगितलं असेल. मी मनाची समजूत घातली. लांबून तिचे सामने बघायचो. अडीच हातांवरून चेंडू सरळ आत जायचा आणि मी एकटाच टाळ्या वाजवायचो. आणि मग ती मुलाखत.

दुसऱ्या दिवशी मी बाणेर गाठलं. चांदोरकर बाईंनी मला बसवलं, पाणी दिलं. मी म्हणालो, "पाणी नको. माझ्या पायातले बूट कुणी काढले ते सांगा."

त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. म्हणाल्या, आठवण काढली की ती काही तास मऊ असते, मग पुन्हा घट्ट होते. गुळाचा पाक गरम आहे तोवर वळतो, तसं. त्या मऊपणात औषध देऊन आणि डोहातून नेमके इशारे देऊन तिच्यातला तपशील बदलता येतो. "सुरुवातीला आम्ही अपराधाची भावना पुसून बघितली. पुसली जात नाही, लोंढे. पुसली की मन ती दुसऱ्याच कशाला तरी चिकटवतं, आणि पेशंट आणखी बिघडतो. चूक झाली एवढं मनाला पक्कं ठाऊक असतं. ते फक्त कुणाची, एवढंच बदलू देतं. म्हणून ती हलवावी लागते. ज्याच्यावर हलवायची, त्यानं ते केलं असेल यावर पेशंटचा सहज विश्वास बसला पाहिजे."

"म्हणजे वड्याचं तेल वांग्यावर."

"वांग्याला विचारून," त्या म्हणाल्या. "कोर्टाच्या दोन निकालांनंतर तशी सक्ती आहे. शाईची सही लागते. तुमची आहे."

त्यांनी फॉर्मची प्रत पुढं सरकवली. या वेळी चष्मा खिशात होता. वर छापलं होतं, 'भार घेणारी व्यक्ती'. त्यापुढं इराच्या गोल अक्षरात, हणमंत लोंढे. नातं, कॅडी. हीच व्यक्ती का? पुढं लिहिलं होतं, 'आगेवाले असं करतात हे सगळ्यांना माहीत आहे.' त्याखाली, या व्यक्तीची हरकत असेल का?

'नाही. त्यांना चालेल.'

मला काय वाटलं ते सरळच सांगतो. केसानं गळा कापला. परक्यानं कापला असता तर मी शिवी देऊन मोकळा झालो असतो. आणि वर पंचाईत अशी, की भांडायचं कुणाशी? जिनं हे लिहिलं ती इरा आता नव्हती. आता होती तिला खरंच वाटत होतं की मी चोर आहे आणि ती मोठ्या मनाची आहे.

"तिला खरं सांगितलं तर?" मी विचारलं.

"नवी आठवण अजून पुरती मुरलेली नाही. सहा महिने लागतात. त्याआधी पुराव्यासकट सांगितलंत, तर उसवेल. हात पुन्हा आकडेल." मग म्हणाल्या, "मी तुम्हाला अडवू शकत नाही. विनंती करते."

मी प्रत घडी करून खिशात घातली.

राष्ट्रीय स्पर्धा त्या महिन्यात आमच्याच क्लबावर होती. तीन दिवस झाले, इरा चार फटक्यांनी पुढं. हा कप तिला चौदा वर्षं हुलकावणी देत होता. मी ठरवलं होतं, शेवटचा दिवस पार पडू दे, तिला कप मिळू दे, मग कागद द्यायचा. मी काही राक्षस नाही. पण शेवटच्या दिवशी सकाळी तीच शेडपाशी आली. एकटी, टोपी हातात.

"काका, कसे आहात?"

"आहे."

"तुमच्यावर राग नाही हे मी मनापासून म्हटलं होतं. पण तुम्ही कधी कबूल केलं नाहीत. एकदा म्हणा फक्त, की हो, चुकलं. माझ्यासाठी ते संपेल. तुमच्यासाठीही."

आवाजात माया होती. तीच जास्त लागली.

"त्या दिवशी माझ्या पायात काय होतं, इरा?"

"काही नव्हतं. अनवाणी होतात. मला तुमची बोटं दिसतात अजून."

"फायनलला आगेवाला अनवाणी?"

हा रिवाज तिला ठाऊक होता. लहानपणी कुणी आमच्या नाड्या बांधत असलं की ती शेजारी बसून गाठी मोजायची. कपाळावर आठी पडली. तिथंच मी सोडून द्यायला हवं होतं. पण चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर संन्याशानंच कबुली द्यायची, माझं डोकं फिरलं. मी खिशातली प्रत काढून तिच्या हातात दिली.

तिनं वाचली. पुन्हा वरून वाचली.

"अक्षर माझंय," ती म्हणाली.

"हो."

"बाभळ होती तिथं."

"हो."

"तुम्ही नदीकडं बघत होता."

"त्याआधी तुझ्याकडं बघत होतो."

तिनं कागदाची घडी घातली, टोपी डोक्यावर ठेवली आणि गेली.

त्या दिवशी तिनं लांबचे फटके नेहमीसारखे मारले. छोटे पाच चुकवले. अठराव्या होलला अडीच हात उरले होते, तो फटका आत गेला असता तर निदान बरोबरी झाली असती. मी दोरीच्या बाहेर गर्दीत होतो. तिनं मान वर करून मला शोधून काढलं, आणि मग मारला. चेंडू होलच्या कडेनं निघून गेला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. घरी आल्यावर मात्र जेवण गेलं नाही. मंदानं ताट उचललं.

आठ-नऊ दिवसांनी रविवारी सकाळी इरा घरी आली. हातात पेढ्यांचा पुडा आणि एक लिफाफा. मंदानं तिला जवळ घेतलं, ती रडली. खूप रडली. माझ्या पाया पडली. म्हणाली, "काका, मी फार वाईट वागले. मला सगळं आठवतंय आता, फॉर्म भरतानाचंसुद्धा. तुम्ही चष्मा शोधत होतात आणि मी म्हटलं राहू दे."

ते मला आठवत नव्हतं. ऐकून राग थोडा उतरला. माणूस समोर येऊन रडला की किती वेळ धरून ठेवणार? मी म्हटलं, "झालं ते झालं. चहा घे."

तिनं चहा घेतला. मग लिफाफा पुढं ठेवला.

मी चष्मा लावला. तोच फॉर्म. वरची माहिती भरलेली होती. भार घेणारी व्यक्ती, हणमंत लोंढे.

"डॉक्टर म्हणतात पुन्हा करता येईल, पण एकदाच," ती भराभर बोलायला लागली. "या वेळी मी सगळं नीट ठरवलंय. मुलाखत नाही, कुणाला सांगणार नाही, तसं लिहून ठेवते. आणि आठवणीत माफीही आधीच घालता येते. म्हणजे मला वाटेल की तुम्ही मला सांगितलंत, मी माफ केलं, आणि विषय संपला. बॅग तुमच्याकडं येईल. पहिल्यासारखं. काका, माझ्याकडं चार-पाच वर्षंच उरलीयेत."

बॅग तुमच्याकडं येईल, म्हणाली आणि माझा उजवा खांदा जागेवर हलला. अठरा वर्षं त्या पट्ट्याखाली होता. मी मंदाकडं बघितलं. ती पेढ्यांच्या पुड्याची दोरी बोटाला गुंडाळत होती.

"दुसरा एक उपाय आहे," मी म्हटलं. "आपण दोघं जाऊ. गोल्फ असोसिएशनला सांगू. तो ज्युनिअरचा कप परत दे. कोल्हापूरच्या त्या मुलीला मी स्वतः भेटतो, इस्माईललाही सांगतो. तू सरकवलास, मी गप्प बसलो. खाली काही उरलंच नाही तर हात कशाला आकडेल?"

"आणि लोक?"

"बोलतील महिनाभर."

तिनं बराच वेळ विचार केला. तो केला, एवढं तिच्या बाजूनं सांगायला हवं. मग मान हलवली. "मला नाही जमणार, काका. तुमचं वेगळं आहे."

"वेगळं कसं?"

उत्तर मला माहीत होतं. पहिल्या फॉर्मवर तिनं ते लिहूनच ठेवलं होतं. आगेवाले असं करतात हे सगळ्यांना माहीत आहे.

मी पेन मागितलं. तिच्या चेहऱ्यावर जो काही सुटकेचा भाव आला ना, तो बघून तिला कॅडी म्हणून मीच का हवा होतो, ते अठरा वर्षांनी एकदम कळलं. मी फॉर्म पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, स्कोअरकार्ड वाचतो तसा, तीनदा. या व्यक्तीची हरकत असेल का, या ओळीपुढं तिनं या वेळी जागा मोकळी सोडली होती. मला भरता यावी म्हणून असेल. तेवढी सुधारणा झाली होती.

तिथं मी लिहिलं, 'हो. मला चालणार नाही.'

त्याखाली आणखी थोडी जागा होती. तिच्यात लिहिलं, 'चेंडू इरावती सरपोतदार यांनी सरकवला. मी पाहिलं आणि मान फिरवली. त्यातलं माझं एवढंच.' आणि त्याच्याखाली सही केली, पूर्ण नावानिशी.

तिनं कागद वाचला. लिफाफ्यात घातला नाही, तसाच हातात धरून उठली. दारात चपला तिनं डाव्या हातानं घातल्या. मंदा म्हणाली, "जेवून जा ग." ती म्हणाली, "नको काकू," आणि जिना उतरून गेली.

मी इस्माईलला फोन लावला. त्यानं लगेच उचलला. मी म्हटलं, "बस जरा निवांत. अठरा वर्षांपूर्वीचं एक सांगायचंय."